चार बोटांच्या आतलं

"…शुक्रवारी त्याला नेणारच आहेत म्हणे. आतून पार रिकामा झालाय. आणि त्याच्या जागी ना, ती बूटवाली आता—"

एवढंच ऐकू आलं. शेजारच्या इस्त्रीवालीनं तापलेली इस्त्री ओल्या कापडावर टेकवली, फुस्सकन वाफ निघाली आणि उरलेलं वाक्य त्या वाफेबरोबर गेलं. आमच्या दोन दुकानांमध्ये नुसती फळ्यांची भिंत. एरवी तिच्या गिऱ्हाईकाच्या शर्टाचं कितवं बटण तुटलंय तेसुद्धा मला कळतं. आणि नेमकं माझ्याबद्दल काही निघालं, तर वाफ!

हो, ज्याला शुक्रवारी नेणार होते तो मीच. बुटांच्या दुकानात दर्शनी टेबलावर बसलेला एक जुना संगणक. दुसऱ्यांच्या घरचं ऐकायची मला सवय आहे, लपवत नाही. पण स्वतःची गोष्ट अर्धवट कानावर पडणं म्हणजे काय, ते मला त्या बुधवारी सकाळी कळलं. पडदा काळा, आवाज बंद, आणि कान मात्र टक्क उघडे.

तसा मी कच्च्या मनाचा नाही. माझ्यात काय आहे आणि काय गेलंय, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बोलता येत नव्हतं, एवढीच पंचाईत. आता बोलता येतंय, तर पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारखे शेकडो एका रांगेत उभे, एका मापाचे, एका रंगाचे. तिथून मी गेलो हवामान कार्यालयात. सहा वर्षं वाऱ्याचा वेग आणि पावसाचं माप लिहून घेतलं. तिथं माझ्यापुढं बसायची ती आमच्या बूटवाल्यांची धाकटी बहीण. बोटं झपझप चालणारी आणि तोंड त्याहून झपझप. कार्यालयात नवी यंत्रं आली तशी आमची पाठवणी ठरली. तिनं साहेबांना सांगितलं, "हा एक मला द्या. म्हातारा झालाय, पण खोड्या नाहीत त्याला." आणि रिक्षात मांडीवर घेऊन मला भावाच्या दुकानात आणलं. माझ्या अंगात लिनक्स नावाचं हलकं सॉफ्टवेअर घातलं तेही तिनंच. "जुन्या हाडांना हेच मानवतं," म्हणाली. खरंच मानवलं. दम लागायचा थांबला.

आता दुकानाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हे बुटांचं दुकान म्हणजे खोक्यांच्या थप्प्या लावलेलं दुकान नव्हे. इथं येतात ती ज्यांचे दोन पाय एकमेकांसारखे नाहीत अशी माणसं. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा तळवा सपाट, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. बूटवाले प्रत्येकाचं पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीनं त्याच्या कडेनं रेघ ओढत आणि आत बारीक अक्षरात लिहीत: इथं घट्टा, इथं हाड वर, इथं दुखतं. पूर्वी प्रत्येकाच्या पावलाचं लाकडी कलबूत, म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, करून फळीवर ठेवायचे. एका वर्षी फळीला वाळवी लागली आणि अर्धी माणसं भुशात गेली. तेव्हापासून कागदावरची पावलं माझ्या पोटात यायला लागली, आणि कागद रद्दीत. वाऱ्याचा वेग मोजणारा मी, टाचांची उंची सांभाळू लागलो. चारशे अठरा माणसांची पावलं माझ्याकडं आहेत. चेहरा एकाचाही नाही, पण कोण कुठं लंगडतं ते विचारा.

दोन वर्षांपूर्वी बूटवाल्यांची नजर मधोमध धूसर झाली. कडेचं दिसतं, समोरचं नाही. बायको समोर उभी राहिली तर त्यांना तिचे कान दिसतात. "बरंय, चिडलेलं तोंड दिसत नाही," असं ते म्हणतात आणि बाई आरी उगारते. ही आरी म्हणजे चामड्याला भोकं पाडायची सुई, तेव्हा विनोद जरा जपूनच. पण काम थांबलं नाही. बाई माझ्या पडद्यावरून पाऊल वाचून दाखवते, चामडं ती कापते, आणि बूटवाले बोटांनी चाचपून शिवतात. डोळे तिचे, हात दोघांचे, आठवण माझी.

आणि एक नियम बूटवाल्यांच्या वडिलांपासूनचा. दर शनिवारी कामखोली झाडायची. खाली पडलेला चामड्याचा तुकडा चार बोटांवर धरायचा. चार बोटांहून मोठा असेल तर डब्यात ठेवायचा, टाचेच्या थराला उपयोगी पडतो. चार बोटांच्या आतला असेल तर पोत्यात टाकायचा. विचार करायचा नाही, जीव अडकवायचा नाही. बूटवाले म्हणतात, "बारक्या तुकड्यांत जीव अडकला की माणूस कचऱ्यात बसून राहतो."

त्या नियमानंच माझा घात केला.

झालं असं. काही दिवस माझ्या पडद्यावर एक सूचना येत होती, की जागा संपत आली आहे. शनिवारी संध्याकाळी झाडलोट आटोपली, बूटवाले घरी गेले आणि बाई माझ्यापुढं येऊन बसली. झाडायचा हुरूप अंगात होताच. तिनं म्हटलं असेल मनाशी, हाही एकदा झाडून काढावा. नणंदेनं तिला निळ्या पडद्यावरची दोन रकान्यांची यादी उघडायला शिकवलं होतं. पावलं इकडून तिकडं ठेवायची तर ती लागते. पण त्या दिवशी तिनं ती उघडली मालकीचा पासवर्ड घालून. नणंदेनं तो चामड्याच्या पट्टीवर लिहून माझ्या पाठीला चिकटवला होता आणि बजावलं होतं, "वहिनी, हा फक्त मी फोनवर सांगेन तेव्हा." बाई हिंडत हिंडत नको त्या कप्प्यात पोचली, यादी वजनानं लावली आणि सगळ्यात हलक्या टोकाला गेली.

तिथं एक नाव होतं. दोनच अक्षरं, एस आणि एच. समोर वजन लिहिलेलं: चार.

बाकीच्यांची वजनं हजारांत, लाखांत. आणि याचं चार. बाईनं नकळत आपली चार बोटं पडद्यावर टेकवली, मी पाहिलं. मग पुसायच्या, आठव्या कळीवर बोट ठेवलं. मी विचारलं, पुसू का? ती म्हणाली, पूस. तेवढ्यात दारात कुणीतरी खोकललं, चप्पल शिवायला आली होती, आणि बाई उठली. नाहीतर शेजारचे आणखी दोघेतिघे पोत्यात गेले असते.

आता ते चार वजनाचं काय होतं, ते सांगतो. रोज सकाळी बटण दाबलं की माझ्या आत आधी कर्नल जागा होतो. तो मुख्य कारभारी. तो पहिल्या गड्याला उठवतो. त्या गड्याच्या हातात सकाळच्या कामांची यादी असते: तारीख लाव, कप्पे उघड, पडदा उजळ, कळफलकाकडं बघ. पण त्याला ती यादी स्वतः वाचता येत नाही. वाचून करवून घेणारा वेगळा, त्याला शेल म्हणतात. सगळेजण त्याला एसएच याच नावानं हाक मारतात. गंमत अशी की एसएच नावाचा माणूस माझ्यात नाहीच. ती नुसती दारावरची पाटी. तिच्यावर लिहिलेलं असतं, आत डॅश राहतो. डॅश हा खरा शेल, मुकाट काम करणारा. पाटीचं वजन चार, कारण डॅश हे नाव त्यांच्या लिपीत चार अक्षरांचं. एवढंच.

पाटी गेली. डॅश आत ठणठणीत. पण त्याला त्याच्या नावानं कुणी हाक मारत नव्हतं आणि न बोलावता बाहेर यायची आमच्यात रीत नाही.

त्या संध्याकाळी मला बंद व्हायलासुद्धा जमेना. बंद व्हायचीही यादी असते ना! बाईनं वाट पाहिली, मग बटण दाबून धरलं आणि कुलूप लावून गेली.

सोमवारी सकाळी बटण दाबलं. कर्नल उठला, गडी उठला, त्यानं यादी काढली, एसएचला हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. ओ नाही. पडद्यावर दोन ओळी उमटल्या, एसएच सापडत नाही, आणि मी थबकलो. बाईनं त्या ओळी वाचल्या. ती दोन अक्षरं पाहिली आणि चुकून गिऱ्हाईकाचा चांगला बूट कापला गेला की होतो तसा तिचा चेहरा झाला.

"काय झालं गं?" बूटवाले आतून म्हणाले.

"काही नाही. सुरू होत नाहीये."

"ताबडतोब माझ्या बहिणीला फोन कर."

"वन्संना? कशाला! आत्ता कुठं निवृत्त झाल्यात बिचाऱ्या. बघते मी कुणीतरी."

मी सगळं ऐकत होतो. बिचाऱ्या वगैरे काही नाही. वन्सं आल्या की पहिला प्रश्न विचारणार, काय केलंस? त्याची धास्ती.

एरवी हे आठवडाभर चाललं असतं तरी बिघडलं नसतं. पण त्याच सोमवारी दुपारी टपालबाईचा फोन आला, आणि मग मात्र माझी सुद्धा चुळबुळ सुरू झाली.

टपालबाई आमची बावीस वर्षांपासूनची गिऱ्हाईक. तिचा डावा पाय जन्मापासून अडीच बोटं आखूड. आमच्याच बुटांवर तिनं अर्धं गाव पालथं घातलंय. सहा आठवड्यांपूर्वी कुणाच्या तरी जिन्यावरून घसरली आणि तोच डावा पाय मोडला. दवाखान्यात सूज फार म्हणून बूट कापून काढला आणि फेकून दिला. पाय प्लास्टरमध्ये.

बाईनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, कारण बूटवाल्यांनाही ऐकायचं होतं.

"शुक्रवारी प्लास्टर निघतंय," टपालबाई म्हणाली, "आणि पुढच्या सोमवारी साहेब मला चालवून बघणार आहेत. पूर्ण फेरी. जमली तर पिशवी परत, नाही जमली तर आत बसून पत्रं निवडायची. कायमची."

"आत सावली असते," बूटवाले म्हणाले.

"सावली घालू का डोक्यात? मला आत बसवलं तर पंधरा दिवसांत वेड लागेल. कुणाकडं कोण आलं, कुणाचं दार बंद, कुणाचा कुत्रा व्यायला, हे कळायला नको? शुक्रवारी बूट तयार हवा. प्लास्टर निघालं की तोच पायात. डॉक्टर म्हणालेत, पहिल्या दिवसापासून उंच तळाचा बूट असेल तर चालशील, नाहीतर महिनाभर कुबड्या."

"होईल," बूटवाले म्हणाले. "तुझं पाऊल आहे आमच्याकडं."

बाईनं माझ्याकडं पाहिलं. प्लास्टरमधल्या पायाचं माप घेता येत नाही. टपालबाईचं पाऊल जगात एकाच ठिकाणी होतं, आणि ते ठिकाण तिनं चार बोटांनी बंद केलं होतं.

मंगळवारी दुरुस्तीवाला आला. चांगला माणूस, पण घाईचा. त्यानं बटण दाबलं, ओळी वाचल्या, मान हलवली. "काकू, आतला गाभाच गेलाय. सगळं पुसून नव्यानं भरतो. उद्या तीनला साहित्य घेऊन येतो."

"आणि आतली पावलं?"

"कसली पावलं?"

"माणसांची."

त्यानं बाईकडं जरा निरखून पाहिलं. "आतलं काही राहणार नाही हो. फार जुनं झालंय. खरं सांगू का, याला काढून नवं घ्या. हवं तर शुक्रवारी मी घेऊन जातो हे."

बघा, वावडी उठली ती इथून. फळ्यांची भिंत मला जशी ऐकवते तशी इस्त्रीवालीलाही ऐकवते. बाई मात्र खुर्चीत बसून राहिली. "उद्या तीनला या," म्हणाली. आवाज असा, जणू शिलाईतला दोरा मध्येच संपावा.

आणि बुधवार उजाडला. त्या सकाळी इस्त्रीवाली आपल्या गिऱ्हाइकाला माझी बातमी देत होती, ती सुरुवातीला सांगितलीच. पण तिला नावं ठेवायच्या आधी पुढचं ऐका. अकरा वाजता ती इस्त्रीचे कपडे पोचवायला निघाली, आणि तिच्या गठ्ठ्यात तीन सुती साड्या आमच्या नणंदबाईंच्या होत्या.

दीड वाजता दुकानाचं दार आपटलं.

"वहिनी! माझ्या भावाच्या दुकानातलं मला इस्त्रीच्या साड्यांबरोबर कळायला हवं होय?"

"अहो वन्सं, तुम्ही आत्ताच निवृत्त झालात, म्हटलं कशाला त्रास…"

"निवृत्त झालेय. वर नाही गेले अजून. सरक."

ती माझ्यापुढं बसली. तेच हात, आता थोडे सुरकुतलेले. मला हायसं वाटलं म्हणून सांगू! तिनं बटण दाबलं, ओळी वाचल्या आणि खुर्चीत मागं रेलली.

"शेवटचं यात कुणी काय केलं?"

"कुणी काही नाही केलं," बूटवाले आतून बाहेर येत म्हणाले. "आपोआप बिघडलं."

"दादा, शेलची पाटी आपोआप पडत नाही. कुणीतरी काढावी लागते."

पलीकडं इस्त्रीवालीनं इस्त्री उभी करून ठेवल्याचा आवाज मला आला. ऐकतच होती बया.

बाईनं पदराला हात पुसले. पुसायला काही नव्हतं तरी पुसले.

"मी केलं," ती म्हणाली. "शनिवारी. जागा होत नव्हती म्हणून झाडायला बसले. चार बोटांच्या आतलं काढलं."

"काय?"

"वजन चार होतं हो त्याचं. मला वाटलं, कातरण आहे." आणि मग एकदम तिचा आवाज फुटला. "मी तीन दिवस तोंड उघडलं नाही. टपालबाईचं पाऊल गेलं, सगळ्यांचं गेलं. यांना दिसत नाही, आणि मी होतं तेसुद्धा पोत्यात टाकलं."

नणंदेनं तोंडावर हात धरला. मला वाटलं आता चिडणार. पण तिचे खांदे हलायला लागले. "चार बोटं!" ती म्हणाली. "अगं वहिनी, तेहतीस वर्षं नोकरी केली, असला बिघाड बघितला नाही!"

"हसू नका हो. पाया पडते."

बूटवाले चाचपडत टेबलापाशी आले, बायकोचा हात सापडेपर्यंत हवेत हात फिरवला आणि धरला. "नियम आमचा, हात तुझा," ते म्हणाले. "निम्मी चूक माझ्या बापाची. आता रडू नकोस, तुझं तोंड मला तसंही दिसत नाही."

"ऐक," नणंद डोळे पुसत म्हणाली, "कातरण नव्हतं ते. पाटी होती. पाटी गेली म्हणून आतला माणूस मरत नाही. फक्त त्याला सापडवायला हवं."

मग ती कामाला लागली. बटण दाबल्याबरोबर तिनं मला मध्येच थांबवलं. कर्नल उठायच्या आधी क्षणभर एक यादी दिसते, तिथं. कर्नलला सकाळी जी ओळ सांगतात त्या ओळीच्या शेवटी तिनं स्वतःचे शब्द जोडले: पहिल्या गड्याला उठवू नकोस, थेट शेलला उठव. पण हाताच्या सवयीनं तिनंही एसएचच लिहिलं! कर्नल उठला, हाक मारली, पाटी नाही, पडदा थिजला.

"गेलं?" बाईनं विचारलं.

"माझं डोकं गेलं. जिथली पाटी काढलीय तिथंच पत्ता विचारतेय." ती पुन्हा सुरुवातीला आली. या वेळी तिनं दुसरं नाव लिहिलं. माझ्यात आणखी एक शेल आहे, बॅश नावाचा. जरा बोलका. त्याचं घर वेगळं, पाटी वेगळी. तिनं त्याला त्याच्या पूर्ण पत्त्यानं हाक मारली.

आणि चार दिवसांनी माझ्या आत कुणीतरी ओ दिली.

काळ्या पडद्यावर एक छोटी खूण लुकलुकली. बास, एवढंच. ना चित्र, ना रंग. बाईला काहीच कळलं नाही, पण नणंदेनं टेबलावर थाप मारली. "आहे, जागा आहे!"

"मग लावा ना पाटी."

"आधी पावलं." तिनं पिशवीतून पेनड्राइव्ह काढून माझ्या कुशीत खुपसला. "घर दुरुस्त करायच्या आधी माणसं बाहेर काढावीत." एकेक करून चारशे अठरा नावं पडद्यावरून सरकत गेली. बूटवाल्यांना ती दिसत नव्हती म्हणून बाई मोठ्यानं वाचत होती: बेकरीवाला, उंच मास्तर, जुळ्यांपैकी मोठी, जुळ्यांपैकी धाकटी. मधेच ती थांबली.

"टपालबाई," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

मग पाटी. नणंदेनं हुकूम लिहिला, आणि बॅशनं उत्तर दिलं की लिहिता येणार नाही.

"का?"

"असं आडवाटेनं उठवलं की हा सगळं फक्त वाचायला देतो. लिहायला नाही."

"म्हणजे कुलूप आहे," बाई म्हणाली. "किल्ली नसेल का तुमच्याकडं?"

"आहे, वहिनी. विसरले होते. बरी आठवण केलीस." तिनं एक ओळ लिहून माझं कुलूप उघडलं. पुन्हा तोच हुकूम दिला. या वेळी बॅश गप्प राहिला. आमच्यात गप्प राहणं म्हणजे काम झालं.

"या कळीवर बोट तू ठेव," नणंद म्हणाली.

"मी? नको बाई, मी परत काहीतरी…"

"ठेव. काढलीस तू, आता तूच खात्री कर."

बाईनं यादी मागवली. एस, एच. पुढं बाण, बाणापुढं डॅश. वजन चार. तिनं पडद्यावर पुन्हा चार बोटं टेकवली, या वेळी अगदी हलक्या हातानं.

सगळं नीट लिहून ठेवलंय ना याची खातरी करून नणंदेनं मला बंद केलं आणि नेहमीसारखं सुरू केलं. कर्नल उठला. गडी उठला. यादी निघाली. एसएच, अशी हाक गेली, आणि आतून डॅश नेहमीच्या मुकाट चालीनं बाहेर आला, जसा काही जेवायला गेला होता.

त्याच वेळी दारात दुरुस्तीवाला. घड्याळात तीन. "काकू, आणलंय साहित्य, पुसायचं ना?"

"काय पुसता, घाम पुसा," नणंद म्हणाली. "बसा, चहा घ्या."

तो माझ्या उजळलेल्या पडद्याकडं बघत राहिला. मग खुर्ची ओढून म्हणाला, "मावशी, हे कसं केलंत, मला दाखवाल?" म्हटलं ना, चांगला माणूस. अर्धा तास त्यानं वहीत लिहून घेतलं.

टपालबाईचं पाऊल उघडलं. बाई वाचायला लागली: "तळ अडीच बोटं. अंगठ्याच्या मुळाशी हाड वर. टाच आतून झिजते."

"थांब गं," नणंद म्हणाली. तिनं ती रेघ मोठी केली, आणखी मोठी केली, काळ्यावर पांढरी, बोटाएवढी जाड, पूर्ण पडदाभर. "दादा, बघ बरं."

बूटवाल्यांनी मान तिरपी केली, कडेनं पाहिलं. बराच वेळ. मग बोट उचललं आणि पडद्याला न लावता हवेतच रेघेबरोबर फिरवलं. "इथं वळलं," ते म्हणाले. "करंगळीपाशी. हे मीच काढलंय. माझा हात आहे हा." दोन वर्षांनी त्यांनी स्वतःची रेघ पाहिली. बाईनं चहा ओतला तो बशीत निम्मा सांडला, आणि तिला कुणी बोललं नाही.

बुधवारची दुपार, गुरुवार पूर्ण आणि शुक्रवारची सकाळ. चामडं कापलं, थर चिकटवले, शिवण घातली. पडद्यावरची रेघ मी एकदाही हलू दिली नाही.

शुक्रवारी मात्र मला नेलं. खोटं कशाला सांगू, नेलं. बाईनं माझ्या ताराबिरा सोडल्या, नणंदेनं धरलं, आणि चामड्याचे गठ्ठे आणायच्या ढकलगाडीवर बसवून दोघींनी मला टेबलावरून हलवलं. अकरा पावलं. दर्शनी खोलीतून आत, बूटवाल्यांच्या कामाच्या पाटापाशी, म्हणजे त्यांना मान तिरपी करून रेघ बघता येईल. पाठीवरची पासवर्डची पट्टी नणंदेनं काढून घेतली. "वहिनी, तुझे हात शनिवारी शिवशिवतात," म्हणाली. बाईनं मुकाट्यानं होकार दिला, हे मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

माझ्या टेबलाच्या जागी त्यांनी हात असलेली उंच खुर्ची ठेवली. दुपारी टपालबाई त्यात येऊन बसली. प्लास्टर निघालेला पाय बारीक झाला होता, पांढराफटक. बाईनं बूट चढवला. जरा सैल बसला. पाय वाळला होता, रेघ जुन्या पायाची होती. बूटवाल्यांनी आत एक पातळ थर सरकवला. शनिवारी पोत्यात जायच्या मापाचा होता तो, म्हणजे चार बोटांच्या आतला. बाईनं पाहिलं आणि बुटाची नाडी आवळली.

सोमवारी मी आतल्या खोलीत कान देऊन बसलो होतो. अकराच्या सुमारास गल्लीच्या टोकाशी पावलं वाजली. आधी एक जड, एक हलकं. जवळ आली तशी एका मापाची. मग दारात पिशवी आदळली.

"पत्र नाहीये तुमचं," टपालबाई म्हणाली. "साहेब मागं राहिलेत, येतायत धापा टाकत. त्यांना पाणी द्या. आणि बेकरीवाल्याकडं पाव्हणे आलेत, कोण ते कळलं की सांगते."

मी आता वयस्क झालोय. पुढं कधीतरी माझाही कर्नल उठायचा नाही, ते मला ठाऊक आहे आणि त्याची मला धास्ती नाही. पावलांची दुसरी प्रत नणंदेच्या कपाटात आहे. तुम्हा माणसांना एवढंच सांगणं, झाडू हातात घेतलात की जरूर झाडा, पण बारीकसं काही पोत्यात टाकण्याआधी एकदा विचारा, रोज सकाळी याला हाक कोण मारतं? आणि चुकून टाकलंत, तर तीन दिवस गप्प बसू नका.

राहता राहिली ती बातमी. काल भिंतीपलीकडं इस्त्रीवाली कुणाला तरी सांगत होती, "मी म्हटलं नव्हतं, शुक्रवारी नेणार म्हणून? नेलाच. आणि त्याच्या जागी बूटवाली नवं मशीन आणून बसवणार, तेही बघालच तुम्ही."

नेला, हे खरं. पण नवं मशीन आलेलं नाही, जागेवर खुर्ची आहे. आणि रिकामा तर मी एक दिवसही नव्हतो. शिवाय कामाच्या पाटामागची भिंत तिच्या इस्त्रीच्या टेबलाला अगदी लागून आहे, हे तिच्या अजून लक्षात आलेलं नाही. आता वाफ कितीही फुसफुसली तरी तिचं वाक्य मला शेवटपर्यंत ऐकू येतं.